खाडीतले पाचवे स्थानक

पाचव्या स्थानकावर काहीही नाही. तरंगते पिंप नाही, खांब नाही, झेंडा नाही. होडी तिथे नेऊन थांबवली की ते स्थानक होते आणि होडी निघाली की पुन्हा नुसते पाणी. तरीही १९७८च्या मार्चपासून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तिथे बाटली सोडली जात होती. सुरुवातीला खाडीच्या दोन्ही काठांवर एकच देश होता. नंतर उत्तरेला स्लोव्हेनिया झाला, दक्षिणेला आमचा क्रोएशिया, आणि मधल्या पाण्यावर रेघ कुठे ओढायची हे कोणालाच ठरवता आले नाही. खाडीचे नावही दोन्हीकडे वेगळे आहे, म्हणून मी नुसते खाडी म्हणते.

दोन्ही काठांच्या प्रयोगशाळांनी मात्र पहिला मंगळवार सोडला नाही. आमची होडी दक्षिणेकडून जायची, पलीकडच्या प्रयोगशाळेतल्या व्होय्काची उत्तरेकडून. पाचव्या स्थानकावर दोन्ही होड्या एकमेकींना बांधायच्या, बाटल्या सोडायच्या, आणि निम्मे निम्मे पाणी वाटून घ्यायचे, म्हणजे एकीचे आकडे दुसरीला तपासता येतात. याचा कुठेही करार नव्हता. तक्त्यात एक रकाना होता: ‘नमुना कोणत्या देशाच्या हद्दीत घेतला’. पाचव्या स्थानकासमोर तो रकाना आम्ही दोघी अठरा वर्षे कोरा ठेवत आलो होतो.

तो मी भरला. २००८च्या सप्टेंबरात युरोपीय संघाला पाठवायच्या अहवालासाठी तक्ता पहिल्यांदाच संगणकावर भरायचा होता, आणि संगणक कोरा रकाना घेत नव्हता. लाल चौकट यायची. शुक्रवार होता, पावणेपाच वाजले होते. मी प्रश्न पुन्हा वाचला आणि मनाशी म्हटले, होडी आमची, बाटली आमची, तर नमुना आमचा. आमच्या देशाची दोन अक्षरे टाकली. लाल चौकट गेली.

अहवालाच्या दोनशे चौदाव्या पानावर ती दोन अक्षरे होती. आमच्या राजधानीत ती कोणाला दिसली नाहीत. स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्ल्यानामध्ये दिसली. आमचा देश संघात जायच्या रांगेत होता. संघात नवा देश घ्यायचा तर वाटाघाटी विषयवार प्रकरणांत होतात, आणि आत असलेल्या सत्तावीसच्या सत्तावीस देशांनी प्रत्येक प्रकरण उघडायला हो म्हणावे लागते. एकाने नाही म्हटले की प्रकरण बंद. डिसेंबरात स्लोव्हेनियाने नाही म्हटले. पर्यावरणाचे एकच नव्हे, इतरही प्रकरणे अडली, इतरही नकाशे आणि याद्या त्यांनी पुढे केल्या. पण वर्तमानपत्रात छापायला त्यांना माझे पान सोपे वाटले. फेब्रुवारीत मी ते पाहिले. तक्त्याखाली माझे नाव स्पष्ट वाचता येत होते: डॉ. नेविया सिरोटिच.

तोवर मी माझ्या चुकीला मोजमापातल्या चुकीसारखी समजत होते: लहान, एकाच दिशेची, मागाहून दुरुस्त करता येणारी.

एक जूनला, सोमवारी सकाळी, राजधानीहून दामिर लोन्चार यांचा फोन आला. पर्यावरणाच्या प्रकरणाच्या वाटाघाटी त्यांच्याकडे होत्या.

“डॉक्टर, परिशिष्टात तुमची अकरा स्थानकं आहेत. मला दहा हवीत.”

“कुठलं नको?”

“ते तुम्हाला माहीत आहे.”

“त्यापेक्षा ती दोन अक्षरं काढू या ना. चूक माझी आहे, मी लिहून देते.”

“काढली की आपण ती जागा सोडून दिली असं होतं. इथं कोणी मला घरी जाऊ देणार नाही. ठेवली तर ते हो म्हणत नाहीत. स्थानकच नसलं तर भांडायला काही उरत नाही.”

“पण ते स्थानक सूचना देतं. बाकीची दहा किनाऱ्याला चिकटून आहेत. बाहेरचं पाणी खाडीत शिरतं ते आधी पाचव्यावरून, आणि तीन-चार दिवसांनी किनाऱ्याला लागतं.”

“मॅडम, तुमच्या त्या एका बाटलीमागं चव्वेचाळीस लाख लोक रांगेत उभे आहेत.”

“बाटली दोन लिटरची आहे,” मी म्हणाले.

मला विनोद करायचा नव्हता. सुचले ते बोलले गेले.

“बुधवारी दुपारी बारापर्यंत,” ते म्हणाले. “नवं परिशिष्ट, दहा स्थानकं, तुमच्या सहीनं.”

मी त्यांना सगळे सांगितले नाही. खाडीच्या दोन्ही काठांना काळ्या शिंपल्यांची शेती आहे. पाण्यात दोर टांगलेले असतात आणि दोरांना शिंपले लगडलेले. शिंपला दिवसभर पाणी गाळून त्यातले शेवाळ खातो. त्यातली एक जात विषारी आहे, एकाच पेशीची, सूक्ष्मदर्शकाखाली कान असलेल्या सुरईसारखी दिसणारी. शिंपल्याला तिचे काही होत नाही. खाणाऱ्याला अर्ध्या तासात उलट्या आणि जुलाब सुरू होतात. शिजवून ते विष जात नाही. पाचव्या स्थानकावर लिटरला पाचशे पेशींच्या वर आकडा गेला की आम्ही विक्री बंद करतो, शिंपल्यात विष साठायच्या आधी. असा हुकूम यादीतल्या स्थानकाचा आकडा देऊनच काढता येतो. यादीत नसलेल्या पाण्यावरून कोणाचा धंदा थांबवता येत नाही, आणि ते बरोबरही आहे.

संध्याकाळी मी व्होय्काला फोन केला. खाडीपलीकडच्या प्रयोगशाळेत ती सव्वीस वर्षे आहे. तिच्या मुलीच्या लग्नात मी होते, माझ्या आईच्या मातीला ती आली होती.

“मी उद्या येत नाहीये,” ती म्हणाली.

“तब्येत?”

“तब्येतीला काय झालंय. साहेबांनी होडी बंद केलीय. माझ्या टेबलावर तुझं पान ठेवलंय त्यांनी, दोनशे चौदावं. पिवळ्या शाईनं रंगवून.”

“व्होय्का, संगणक कोरा रकाना घेत नव्हता.”

“माझापण घेत नव्हता. मी चार वेळा फोन केले, दोन दिवस भांडले, शेवटी तिथं शून्य टाकायला लावलं. तुला मला विचारता आलं नाही?”

“शुक्रवार होता.”

“अठरा वर्षं, नेविया.” तिने श्वास घेतला. “आणि तुला शुक्रवार होता.”

तिने फोन ठेवला. गेल्या आठवड्यात चौथ्या स्थानकावर त्या जातीच्या पेशी पहिल्यांदाच दिसल्या होत्या, हे सांगायचे राहून गेले.

मंगळवारी सकाळी धक्क्यावर बार्बा लीविओ होडीचे इंजिन चालू करून बसले होते. बार्बा म्हणजे आमच्या किनाऱ्यावर काका. त्यांची शिंपल्यांची शेती आमच्या काठावरच्या सहांपैकी सगळ्यात मोठी, आणि किनाऱ्याची स्थानके दर आठवड्याला होतात म्हणून त्यांची होडी आमची प्रयोगशाळा दर मंगळवारी भाड्याने घेते. वय सदुसष्ट, गुडघे गेलेले, तोंड शाबूत.

“या डॉक्टरीणबाई. आज पेपरात फोटो नाही तुझा. सुट्टी दिसतेय.”

“बार्बा, पोलिसांची बोट बाहेर आहे का?”

“दोघांच्याही आहेत. आमची आणि त्यांची. गेल्या गुरुवारी आपल्या गावच्या मेन्होला जाळं टाकू दिलं नाही. एक म्हणतो इथं टाकू नको, दुसरा म्हणतो बिनधास्त टाक. बिचारा मासळी न घेताच परत आला.”

पहिली चार स्थानके तासाभरात झाली; पाचव्यापुढची सहा दुसरी होडी करते. चौथ्यावरून निघालो तेव्हा रेडिओ खरखरला. आमच्याच पोलिसांचा आवाज. “लीविओ, आज पुढे जाऊ नका. त्यांची बोट तिथंच फिरतेय.”

“रोजच फिरते,” बार्बा रेडिओवर म्हणाले आणि त्यांनी वेग वाढवला. मग माझ्याकडे न बघता विचारले, “जायचंय ना?”

“हो.”

पाचव्या स्थानकावर पोचलो तेव्हा वारा जवळजवळ नव्हता. खोली सतरा मीटर. मी तारेला बाटली लावली, सहा मीटरवर सोडली आणि घड्याळ पाहिले. बाटलीला जुन्या पद्धतीचा थर्मामीटर असतो. तो त्या पाण्यात पाच मिनिटे राहिला तरच तापमान खरे लागते. नवी उपकरणे आहेत, पण एकतीस वर्षांची रांग एकाच पद्धतीने चालावी म्हणून आम्ही दोघींनी तीच ठेवली. पाच मिनिटे कमी करता येत नाहीत.

पहिले मिनिट संपायच्या आत निळ्या पट्ट्याची बोट उत्तरेकडून आली. तिच्या लाटेने आमची होडी हलली आणि तार तिरपी झाली. तार तिरपी झाली की बाटली सहा मीटरवर राहत नाही. मी हाताने तार धरून सरळ केली.

“तुम्ही स्लोव्हेनियाच्या पाण्यात आहात,” पुढे उभा असलेला पोलीस म्हणाला. तिशीचा असेल. सभ्य होता. “होडीची कागदपत्रं दाखवा, बाईंचं ओळखपत्रपण.”

मागून आमच्या पोलिसांची बोट आली होती. तिच्यावरचा भोंगा सुरू झाला. “तुम्ही क्रोएशियाच्या पाण्यात आहात. कागदपत्रं दाखवू नका.”

“ऐकलंस?” बार्बा मला हळूच म्हणाले. “दाखवली तर हे पाणी त्यांचं. नाही दाखवली तर मला पकडून नेणार. खिशात हातसुद्धा घालू नकोस. रुमाल काढलास तरी फोटो निघेल.”

दोन्ही बोटींवर खरेच कोणीतरी कॅमेरा घेऊन उभे होते. माझे नाक गळत होते. मी रुमाल काढला नाही.

दुसरे मिनिट. स्लोव्हेनियाची बोट आडवी होऊन आमच्या पुढ्यात आली. एकाने लांब दांड्याचा आकडा आमच्या काठाला अडकवला. आता होडी त्यांच्या बोटीबरोबर उत्तरेकडे सरकू लागली, फूटभर, दोन फूट. आमच्या बोटीने ते पाहिले आणि ती दुसऱ्या बाजूने जवळ आली. तिच्यावरच्या शिपायाचा हात कमरेच्या पिस्तुलावर होता. त्याला मी ओळखत होते. त्याची आई आमच्या गल्लीत राहते.

“आकडा काढा,” भोंगा म्हणाला. “ताबडतोब.”

कोणी काढला नाही. बार्बांनी इंजिन बंद केले नव्हते. त्यांचा हात सुकाणूच्या दांड्यावर होता.

“ते काय सोडलंय पाण्यात? वर घ्या,” तरुण पोलीस म्हणाला.

“अजून दोन मिनिटं दहा सेकंद,” मी म्हणाले.

“बाई, मी विनंती करत नाहीये.”

“मला कळतंय. पण आत्ता वर घेतली तर मोजणी फुकट जाईल आणि मला पुन्हा सोडावी लागेल. म्हणजे सात मिनिटं. तुम्हाला कुठलं बरं पडेल?”

त्याने आपल्या घड्याळाकडे पाहिले. सवयीने पाहिले असावे, पण मग तो पाहतच राहिला.

“कशासाठी घेता हे?”

“शिंपल्यांत विष येतंय का ते बघायला. तुमच्याकडच्यासुद्धा.”

“मग आमच्याकडचं कोणी का नाही आलं?”

याला माझ्याकडे उत्तर होते, पण ते दोनशे चौदा पानांचे होते. मी तार धरून ठेवली. मिनिट गेले. कोणाच्या तरी बोटीवर रेडिओ बोलत होता, कोणती भाषा ते कळत नव्हते. पाच मिनिटे झाली तशी मी तारेवरून पितळी वजन सोडले. ते खाली गेले, बाटलीवर आदळले, आणि बोटांना तारेतून हलकासा धक्का जाणवला. बाटली मिटली.

मी ती हाताने वर ओढली. तरुण पोलिसाने आकडा स्वतःच काढला. “होडीचा नंबर लिहून घेतलाय,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी मी थांबणार नाही.”

आम्ही धक्क्याला लागलो. दोर बांधताना बार्बा म्हणाले, “माझी बायको विचारते, या वयात शिंपल्यांच्या धंद्यात काय धोका असतो.”

प्रयोगशाळेत मी दोन लिटर पाणी जाळीतून गाळून पन्नास मिलिलिटरवर आणले आणि एकेक मिलिलिटर तीनदा मोजले. अडतीस, एक्केचाळीस, पस्तीस. सरासरी अडतीस. म्हणजे लिटरला साडेनऊशे. चौथ्या स्थानकाचे तसेच मोजले. तिथे पन्नास.

वर पाहिले तर बार्बा दारात उभे होते. हात पुसत होते, पण हात कोरडे होते.

“किती?”

“साडेनऊशे.”

“आणि चार नंबरवर?”

“पन्नास.”

ते खुर्चीवर बसले. “परवा सकाळी सात वाजता हॉटेलांचे ट्रक येणार. जर्मन पाहुण्यांचा आठवडा आहे. माझे दोन टन तयार आहेत. सगळ्यांचे मिळून अकरा.”

“माहीत आहे.”

“आणि मीच तुला नेलं होडीतून.”

“हो.”

“पाच नंबर नसता तर मी बिनघोर माल उतरवला असता.”

“हो.”

“कोणाला सांगू नकोस असं म्हणत नाहीये मी,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “पण आलं होतं मनात.”

ते स्वतः माल ठेवून घेतील, हे मला माहीत होते. बाकीचे पाचजण तोंडी सांगून थांबणार नव्हते. मी त्यांना दोष देत नाही. शिक्क्याशिवाय धंदा थांबवला तर हॉटेल दुसरीकडून माल घेते आणि पुढच्या वर्षी परत येत नाही. शिंपल्यांच्या मांसाची चाचणी लावली तर तिचा निकाल गुरुवारी दुपारी चारला. ट्रक सातला.

मी व्होय्काला फोन केला. तिने उचलला.

“साडेनऊशे,” मी म्हणाले.

“किती मीटरवर?”

“सहा.”

“तापमान?”

“अठरा पूर्णांक चार.”

पेन्सिलीचा आवाज आला. “तार सरळ होती?”

“मधे एकदा तिरपी झाली. मी धरली.”

“हं,” ती म्हणाली. “आभार मानत नाहीये मी.” आणि फोन ठेवला.

बुधवारी सकाळी माझ्या टेबलावर दोन कागद होते. एक, दहा स्थानकांचे परिशिष्ट. दुसरा, वगळायच्या स्थानकाच्या आकड्यावरून विक्रीबंदीचा हुकूम, ज्यात पाचव्या स्थानकाचे अक्षांश, रेखांश आणि आमच्या प्रयोगशाळेचे नाव होते. दोन्हींवर सही माझीच लागणार होती. बंदराच्या फळ्यावर लागणारा हुकूम कोणीही वाचू शकतो, फोटो काढू शकतो. साडेनऊला मी लोन्चारना फोन केला. लपवून करायचे ते काम नव्हते.

“मी आज शिंपल्यांची विक्री बंद करतेय.”

“कुठल्या स्थानकावरून?”

मी सांगितले. त्यांनी खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला.

“नका करू. एकच दिवस थांबा. उद्या मांसावरून बंद करा.”

“उद्या माल ताटात असेल.”

“मॅडम, ऐका. तो कागद दोन वाजेपर्यंत ल्युब्ल्यानात पोचेल. ते म्हणतील, एका हातानं हे स्थानक काढतात आणि त्याच दिवशी दुसऱ्या हातानं तिथं राज्य चालवतात. दोन अक्षरं चुकून पडली असं सांगता येतं. हुकूम चुकून निघत नाही.”

“नाही निघत.”

“मी हे काम सुरू केलं तेव्हा माझी मुलगी दोन वर्षांची होती. आता ती सहा वर्षांची आहे आणि शाळेत सांगते, बाबा दारं उघडतात. एकही उघडलेलं नाही सहा महिन्यांत.” ते थांबले. “लोकांना काय होईल? पोट बिघडेल. मरत तर नाही ना कोणी?”

“सहसा नाही.”

“सहसा,” ते म्हणाले. “हा शब्द मला ऐकायचा नव्हता.”

“मलाही वापरायचा नव्हता. पण तोच बरोबर आहे.”

“तुम्ही मला परवानगी मागताय का?”

“नाही. सांगतेय.”

“मग मी ऐकलं नाही,” ते म्हणाले. “बारापर्यंत परिशिष्ट पाठवा.”

दहा वाजता आमचे संचालक आत आले. त्यांना फोन आलेला होता, हे दिसत होते. त्यांनी हुकूम वाचला, परिशिष्ट वाचले, दोन्ही सरळ रेषेत ठेवले.

“नेविया, आधी परिशिष्टावर सही कर. मग हुकूम आपोआप रद्द होतो. तुलाही काही ठरवायला नको.”

“ते मला दिसलं होतं.”

“मग?”

“आधी परिशिष्ट, मग बंदी, असा क्रम लावला तर साडेनऊशे हा आकडा कुठल्याच ठिकाणचा राहत नाही.”

“एका चुकीसाठी देश अडवलास,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “आता जाणूनबुजून अडवणार?”

ही गोष्ट मी रात्रभर स्वतःशी बोलले होते. माझ्या भाच्याला आयर्लंडमध्ये नोकरी मिळाली होती आणि परवाना मिळत नव्हता. आमच्या गल्लीतला प्रत्येकजण कशाची ना कशाची वाट पाहत होता. मी कोणाला तरी विचारून घ्यावे असे वाटत होते, पण विचारण्यासारखे कोणी नव्हते. उत्तर मोजून झालेले होते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी हुकुमावर सही केली, शिक्का मारला आणि तो बंदरावर स्वतः नेऊन लावला. फळ्याला चार टाचण्या. तिसरी वाकली, ती बदलली. मागे माणसे जमली. मेन्हो म्हणाला, “ही बाई आधी आम्हाला युरोपात जाऊ देईना, आता हॉटेलात पण जाऊ देईना.” कोणीतरी हसले. कोणीतरी माझ्या पायाजवळ थुंकले. बार्बा लीविओ पुढे आले, कागद शेवटपर्यंत वाचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “माझे दोन टन आहेत यात. ज्याला ओरडायचंय त्यानं माझ्यामागं रांग लावावी.”

परत आले तेव्हा बाराला पाच कमी होते. परिशिष्ट टेबलावरच होते. मी समोर बसले आणि सही केली नाही. बारा वाजले. सव्वाबाराला संचालकांनी ते उचलले, आपल्या खोलीत नेले आणि माझ्या नावाखाली ‘करिता’ लिहून स्वतः सही करून पाठवून दिले. त्या क्षणापासून स्थानके दहा झाली, पण आधी निघालेला हुकूम कायम राहिला.

चारला व्होय्काचा निरोप आला. त्यांच्या काठावरची विक्रीही बंद झाली होती. त्या हुकुमात तिने आकड्याचा उगम लिहिला होता: ‘शेजारच्या प्रयोगशाळेचे पाचवे स्थानक’. त्यांच्याकडे त्या जागेला वेगळे नाव आहे. तिने आमचे नाव वापरले. अठरा वर्षे असे शब्द टाळत आलेल्या बाईने ते चुकून वापरले असणार नाही. शुक्रवारी तिला ल्युब्ल्यानाला बोलावले.

“काय विचारलं?” मी रविवारी फोनवर विचारले.

“कोणाच्या बाजूची आहेस, असं. मी म्हटलं, मला अकरा टन शिंपले त्यांचे आणि नऊ टन आपले एवढंच दिसलं. त्यांनी ते लिहून घेतलं. आता मला सप्टेंबरपर्यंत वाचनालयाची यादी करायला बसवलंय. बरं आहे, सावली असते.”

“चूक माझी होती, व्होय्का.”

“ती तर होतीच,” ती म्हणाली. “जेवलीस का?”

गुरुवारी दुपारी चारला मांसाची चाचणी आली होती: विष मर्यादेच्या वर, तीनपैकी तीन नमुन्यांत. मेन्होने ती वाचली आणि आपल्या जाळ्याकडे परत गेला. पर्यावरणाचे प्रकरण जूनमध्ये उघडले नाही. दहा स्थानकांच्या परिशिष्टात स्लोव्हेनियाला आक्षेप घ्यायला खाऱ्या पाण्याच्या एका दलदलीचा नकाशा सापडला. लोन्चारनी मला फोन करून एवढेच सांगितले, आणि म्हणाले की मुलीच्या शाळेत कोणी तरी शिंपल्यांबद्दल बोलत होते.

जुलैतला पहिला मंगळवार सात तारखेला आला. मी सवयीने बाटल्यांची पेटी घेऊन धक्क्यावर गेले. बार्बा लीविओ होडीत दोर खरवडत बसले होते. पाच आठवडे झाले तरी त्यांचे शिंपले बंदच होते. मांसाचा आकडा उतरत होता, पण हळू.

“उघडणार कधी?” त्यांनी विचारले.

“मांस दोनदा लागोपाठ स्वच्छ आलं की.”

“ते मला माहीत आहे. मी विचारतोय कधी. तू नेहमी सांगायचीस. आठ दिवस, दहा दिवस.”

“बंदी असली की पाचव्यावर दर आठवड्याला जायचे, तिथं काय येतंय ते बघून सांगायचे. आता बाहेरचं पाणी साफ झालंय की मागून आणखी येतंय, मला दिसत नाही.”

“अंदाज?”

“अंदाज नाही, बार्बा.”

त्यांनी खरवडणे थांबवले आणि खाडीच्या तोंडाकडे पाहिले. दोन्ही बोटी होत्या, एकमेकींपासून साधारण पाचशे मीटरवर, इंजिने बंद करून. “तीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्या प्रयोगशाळेकडून ‘माहीत नाही’ ऐकलं,” ते म्हणाले. पुन्हा दोर उचलला. “बरं. मग मी काय करू? दोर धुतो.”

मी पहिली चार स्थानके केली आणि परत आले. नोंदवहीत पाचव्याची ओळ आली तेव्हा तापमान, क्षारता, पेशी या तिन्ही रकान्यांत रेघ मारली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: वारा नाही, आकाश निरभ्र, समुद्र शांत. नमुना घेतला नाही.